कंबर दुखते, पण कधी?

पंचविशीतल्या मुलाची कंबर धरली की घरातच निदान होतं: बाइक फार चालवतो, उसण भरली असेल. मग पट्टा येतो, मलम येतं, 'मणक्यात गॅप आहे' असंही कुणीतरी सांगतं. (हा गॅप नेमका कुठे असतो, ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.) आणि सगळ्यांचा सल्ला एकच, पडून राहा.

त्याला तर पडून राहिल्यानंच दुखतं. पहाटे तीन-चारला कंबर ठणकून जाग येते, उठून चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी, कामाला लागला की मोकळी. गादी सरकल्याचं दुखणं सहसा उलट वागतं, श्रमानं वाढतं आणि आरामानं उतरतं. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिने रेंगाळलेली आणि विश्रांतीला न जुमानणारी कंबरदुखी दिसली, की संधिवाततज्ज्ञाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची, म्हणजे मणक्याच्या दाहाच्या आजाराची, शंका येते. स्पॉन्डिलोसिस वेगळा. ती मणक्यांची झीज, हा दाह.

सुरुवात बहुधा मणक्यांच्या खाली होते, माकडहाडाच्या वर पाठीचा कणा कटीच्या हाडांना जोडणाऱ्या दोन सांध्यांत. म्हणून कधी उजवा कुल्ला दुखतो, कधी डावा. स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे सूज येते, टाचही त्यामुळेच धरते. सूज वर्षानुवर्षं राहिली की शरीर तिथे नवं हाड घालू लागतं. मणक्यामणक्यांत पूल बांधले जातात आणि एक्स-रेमध्ये कणा पेरं असलेल्या बांबूसारखा दिसतो.

पण एक्स-रेमध्ये काही दिसायलाच बरीच वर्षं जातात. एमआरआयमध्ये सूज आधी कळते. एचएलए-बी२७ या जनुकाचा या आजाराशी संबंध १९७३ साली सापडला, तरी ते असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. नुसता रिपोर्ट पाहून घाबरू नये. उलट ईएसआर, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या नॉर्मल असूनही आजार असू शकतो. मला आवडते ती शोबरची चाचणी. कमरेवर पेननं १५ सेंटिमीटरवर दोन खुणा करायच्या आणि रुग्णाला वाकवायचं. निरोगी पाठीत हे अंतर निदान २० पर्यंत ताणतं. खर्च एका टेपचा! डोळा लाल होऊन दुखतो का, हेही विचारायला हवं. तो याच आजाराचा भाग असू शकतो.

उपचारात व्यायाम पहिला, तोही रोजचा: ताण देणं, दीर्घ श्वास, जमलं तर पोहणं. सिगारेट बंद. नेप्रोक्सेन, इंडोमेथॅसिनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी अनेकांना चांगला उतार पडतो. हातापायांच्या संधिवातात गाजलेलं मेथोट्रेक्सेट कण्यावर मात्र चालत नाही, स्टेरॉइडच्या गोळ्याही नाहीत.

एवढ्यानं भागलं नाही तर टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन अडवणारी इंजेक्शनं. ही वाट लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी या संशोधकांनी आमवातावर, म्हणजे हातापायांच्या त्याच संधिवातावर, काम करताना दाखवली. इंजेक्शनं महाग, २०१४ अखेरीस त्यातल्याच अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती आली तेव्हा किंमत बरीच उतरली. अडचण दुसरीच आहे. शरीरात झोपलेल्या टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचं कामही टीएनएफच करतं. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी होते, आणि काही सापडलं तर आधी त्याची औषधं सुरू होतात.