पाव मैलाची शर्यत आणि मागच्या चाकांची पकड

ड्रॅग शर्यत म्हणजे जागेवरून सुटून सरळ रेषेत धावायचं. परंपरेने ती पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. पण जाणकार आधी विचारतात ती पहिल्या ६० फुटांची वेळ. तिथे चाकं जागीच फिरली, तर पुढे इंजिन कितीही ओरडो, गेलेला वेळ भरून निघत नाही.

१९५०मध्ये कॅलिफोर्नियात सांता आनाच्या विमानतळावर या शर्यती नियमित होऊ लागल्या आणि १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही शर्यतींची संघटना काढली. पुढच्या काही वर्षांत कारखान्यातून निघालेल्या, मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्या शर्यतीच्या पट्ट्यावर आल्या आणि खोड लगेच दिसली. चाक पुढे फिरू लागलं की अ‍ॅक्सलचं घर उलट्या दिशेने पिळतं, डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलच्या मध्यावरच्या, चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) नाक वर उचललं जातं आणि पाटा एसच्या आकारात वाकतो. पाटा झटक्यात सरळ झाला की पकड सुटते, पुन्हा लागते, पुन्हा सुटते. चाकं अक्षरशः उड्या मारतात, आणि त्यात एखादा हाफ शाफ्टही (चाक फिरवणारा दांडाही) तुटतो. यावरचा पहिला लोकप्रिय उपाय ट्रॅक्शन बार. पाट्याखाली जाड पट्टी, तिच्या पुढच्या टोकाला रबर. अ‍ॅक्सल पिळू लागला की रबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली (टोकाच्या वेटोळ्याखाली) जाऊन आपटायचं आणि पिळणं थांबायचं. उपाय ओबडधोबड, पण स्वस्त.

या विषयाकडे गणिताने पाहिलं ते क्रायस्लरच्या तरुण इंजिनिअरांनी. रामचार्जर्स नावाच्या त्यांच्या क्लबने १९४९च्या प्लिमथ कूपची बॉडी मुद्दाम उंच उचलली आणि १९५९मध्ये ती डेट्रॉइटला एनएचआरएच्या नॅशनल्स या स्पर्धेत उतरवली. गाडी दिसायला विचित्र, पण हिशेब पक्का होता. मागे सरकणारं वजन ठरतं ते प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर (व्हीलबेस) यांवर. १,५०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, व्हीलबेस अडीच मीटर आणि प्रवेग १ जी (गुरुत्वाकर्षणाइतका) धरला, तर ३०० किलो मागे जातात. (आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर धावणाऱ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅकना हाच हिशेब उलटा पडतो, कारण त्यांची ताकद पुढच्या चाकांना मिळते.)

क्रायस्लरचे सुपर स्टॉक पाटेही याच विचारातून आले. पुढचा भाग आखूड आणि कडक. उजवीकडचा पाटा जास्त ताकदीचा, कारण प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनकडून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) पीळ उजवं मागचं चाक उचलू पाहतो. १९६५मध्ये तर कंपनीने काही गाड्यांची दोन्ही अ‍ॅक्सल पुढे सरकवली, म्हणजे मागच्या चाकांवर जास्त भार यावा. त्या इतक्या चमत्कारिक दिसत की ‘फनी कार’ हे नाव त्यांच्यावरूनच रुजलं.

खरी उडी मात्र पुढची आहे. १९७०मध्ये प्रो स्टॉक वर्ग सुरू झाला आणि त्या दशकात, शर्यतपटू बिल जेन्किन्स यांच्या शेव्हरोले व्हेगासारख्या गाड्यांबरोबर, नळ्यांची चासी आली. पाटे गेले आणि अ‍ॅक्सल दांड्यांनी चासीला जोडण्याच्या लॅडर बार आणि फोर लिंक या पद्धती आल्या. फोर लिंकच्या वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या रेषा पुढे वाढवल्या की जिथे मिळतात, तो इन्स्टंट सेंटर. दांड्या वेगळ्या भोकांत बसवून तो हलवता येतो. इन्स्टंट सेंटर आखूड आणि उंच ठेवला, तर बॉडी मागून वर उठते आणि अ‍ॅक्सल खाली दाबला जातो. गाडी मागे बसली म्हणजे पकड आली, हा समज इथे मोडला. एकूण किती वजन मागे जाणार हे दांड्यांनी फारसं बदलत नाही. ते टायरवर किती झटक्याने येणार, हे बदलतं.

टॉप फ्युएल ड्रॅगस्टरला, म्हणजे सर्वांत वेगवान वर्गातल्या लांबट गाडीला, मागे सस्पेन्शनच नसतं. तिथे चासीची लवचीकता आणि सुरकुत्या पडणारे स्लिक (नक्षी नसलेले गुळगुळीत) टायर हे काम करतात.

स्लिकची भिंत मऊ, म्हणून तो जोराचा दणका पचवतो. ड्रॅग रेडियल या दुसऱ्या प्रकारच्या शर्यती टायरची भिंत तसा दणका पचवत नाही: टायर दाबला जातो, परत उसळतो आणि पकड जाते. म्हणून रेडियलवर धावणाऱ्या गाड्या जुळवणारे ट्यूनर दोन नॉबच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरने बॉडी आणि अ‍ॅक्सल एकमेकांपासून दूर जाण्याचा वेग मुद्दाम कमी करतात. सुटतानाचा व्हिडिओ संथ करून बघायचा, टायर किती दबला ते पाहायचं आणि नॉब एक-दोन क्लिक फिरवायचा.