गूढ ज्ञानाची किंमत उपचारांनी फिटते का?

‘कॉल ऑफ कथुलू’ या १९८१ साली आलेल्या भूमिका-खेळात (यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र वठवतो) निषिद्ध ग्रंथ वाचून पात्राचे मन ढळले, तरी उपचारांनी ते पूर्ववत होते, असा समज जुना आहे. तो अर्धाच खरा आहे. उपचारांनी मनःस्वास्थ्याचे गुण वाढतात. परंतु त्यांची कमाल मर्यादा ९९ वजा ‘मिथॉस’ म्हणजे अशा ग्रंथांतून मिळणाऱ्या गूढ ज्ञानाचे गुण एवढीच असते, त्यामुळे ज्ञान वाढले की ती कायमची खाली येते. पात्राचा तक्ता पाहावा: मिथॉसच्या रकान्यात १२ असतील, तर पात्र कितीही काळ रुग्णालयात राहिले तरी मनःस्वास्थ्य ८७ च्या वर जाणार नाही. गैरसमज स्वाभाविक आहे, कारण सुरुवातीचे गुण बहुधा या मर्यादेच्या बरेच खाली असतात आणि (नियमातील खरी क्रूर गोम मला हीच वाटते) पहिल्या एकदोन ग्रंथांपर्यंत तिचा अडसर जाणवतच नाही.