दहातले नऊ सौदे नफ्यात, तरी खातं तोट्यात

वायदा बाजारासाठी (पुढच्या तारखेचा व्यवहार आजच ठरलेल्या भावानं करण्याचा बाजार) 'यंत्रणा', म्हणजे खरेदी-विक्री कधी करायची याचे तयार नियम, विकणारा बोलायला लागला की आधी टक्केवारी येते. दहातले नऊ सौदे नफ्यात! यात खोटं काही नसेलही. नऊ सौद्यांत प्रत्येकी शंभर मिळाले आणि दहाव्यात हजार गेले, तर हाती उणे शंभर. अशी टक्केवारी जमवणं अवघडही नाही. चिमूटभर नफा दिसला की पदरात पाडून घ्यायचा आणि तोट्यातला सौदा भाव परत येईपर्यंत कवटाळून बसायचं.

ही झाली साधी हातचलाखी. खरी गंमत बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर नियम चालवून बघण्यात आहे. एक नेहमीचा नियम घेऊ: भावांची छोटी सरासरी मोठ्या सरासरीच्या वर गेली की खरेदी, खाली आली की विक्री. छोटी सरासरी 5 ते 24 दिवसांची, म्हणजे 20 पर्याय. मोठी 30 ते 79 दिवसांची, 50 पर्याय. स्टॉप लॉस, म्हणजे तोटा ठरल्या मर्यादेला पोचला की सौद्यातून बाहेर पडायचा भाव, 10 तऱ्हेचे. गुणाकार 10,000. संगणकाला हे काहीच नाही.

आता समजा, यातली एकही जोडणी मुळात कामाची नाही. तरी 'निव्वळ नशिबानं इतका चांगला निकाल येण्याची शक्यता विसात एक' ही संख्याशास्त्रातली नेहमीची चाळणी लावली, तर सरासरी 500 जोडण्या तिच्यातून पार होतील. त्यातली सर्वांत देखणी जाहिरातीत झळकते. बाकीच्या 9,999 कुणाला दिसतच नाहीत. म्हणून माझा पहिला प्रश्न नफ्याचा नसतोच. 'किती करून पाहिल्या?' एवढंच मी विचारतो. उत्तर सहसा मिळत नाही.

मग शेजारी तपासावेत. 17 आणि 43 दिवसांच्या सरासरीला भरघोस नफा, पण 18 आणि 44 ला तोटा असेल, तर यंत्रणेला बाजाराचा स्वभाव कळलेला नाही. तिनं जुन्या आलेखातले खाचखळगे पाठ केलेत. काही विक्रेते सांगतात की शेवटची काही वर्षं आम्ही झाकून ठेवली होती आणि चाचणी त्यांच्यावर घेतली. पद्धत चांगली, पण एकदाच चालणारी. निकाल बघून नियमात फेरफार केला आणि पुन्हा त्याच वर्षांवर चाचणी घेतली, की पेपर फुटला.

अमेरिकेत वायदा बाजारावर देखरेख करणाऱ्या सीएफटीसी या संस्थेचा तर नियमच आहे: काल्पनिक सौद्यांचे निकाल दाखवताना सोबत इशारा छापायचा. असे निकाल बहुधा घडून गेलेलं माहीत असताना तयार केलेले असतात, असं त्यात सांगितलेलं असतं.

कमोडिटीत, म्हणजे तेल, सोनं, धान्य अशा मालाच्या वायद्यांत, आणखी एक भानगड. प्रत्येक वायद्याला मुदत असते, त्यामुळे दहा वर्षांचा अखंड आलेख मुळात नसतोच. एक वायदा संपला की पुढचा जोडून तो शिवावा लागतो. सांधे दिसू नयेत म्हणून जुने भाव वर-खाली सरकवतात. अशा सरकवलेल्या भावांवर 'वर्षाला इतके टक्के' काढले, तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

शिवाय बॅकटेस्ट धरून चालते की स्टॉप लॉस ठरल्या भावाला लागला. अनेक बाजारांत दिवसाच्या चढ-उताराला मर्यादा असते. भाव खालच्या मर्यादेला जाऊन चिकटला की घेणारा कुणी उरत नाही. यंत्रणा कागदावर बाहेर पडलेली असते, माणूस आत अडकलेला असतो.

20 एप्रिल 2020 चं उदाहरण बघा. महामारीमुळे मागणी कोसळलेली, अमेरिकेत कुशिंगच्या, म्हणजे या वायद्यातलं तेल जिथं ताब्यात घ्यायचं त्या गावच्या, टाक्यांमध्ये तेल ठेवायला जागा मिळेना आणि डब्ल्यूटीआय या अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा दुसऱ्या दिवशी संपणार होता. आधीच्या शुक्रवारी तो बॅरलला 18.27 डॉलरवर बंद झाला होता. सोमवारी सेटलमेंटचा, म्हणजे दिवसाअखेर हिशेबासाठी धरायचा, भाव ठरला उणे 37.63. एक वायदा 1,000 बॅरलचा. भाव शून्याखाली जात नाही असं ज्या प्रोग्राममध्ये लिहिलेलं असेल, त्याच्या हिशेबानं शुक्रवारच्या भावापासून एका वायद्यात जास्तीत जास्त 18,270 डॉलर जाऊ शकत होते. गेले 55,900.