जलरंगातली चूक सुधारता येते
रंकाळ्याच्या काठावर बसून निसर्गचित्रण शिकणाऱ्या कोल्हापुरातील अनेक विद्यार्थ्यांच्या मनावर असे बिंबलेले असते की, कागदावर एकदा पडलेला जलरंग मागे घेता येत नाही. हा समज अर्धवट आहे, आणि त्याच्या धाकाने नवशिके ब्रश टेकवायलाच बिचकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जलरंगाला बांधून ठेवणारा डिंक वाळल्यानंतरही पाण्यात विरघळतो. त्यामुळे चित्रात रंकाळ्यातल्या संध्यामठाच्या वास्तूची सावली गडद झाली, तर त्या जागी स्वच्छ पाण्यात भिजवलेला ब्रश हळुवार फिरवून, क्षणभर थांबून, वर टिपकागद दाबल्यास रंग बराचसा उचलला जातो. घासू मात्र नये, कारण कागदाचे तंतू सुटतात. अल्ट्रामरीन हा निळा रंग सहसा सहज निघतो. थॅलो ब्लू हा दुसरा निळा मात्र कागदात मुरतो, म्हणून तो लावण्यापूर्वीच विचार करावा. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) चांगला सुती कागद हे सारे सोसतो, साधा ड्रॉइंग पेपर लवकर खराब होतो. मूळचा पांढरेपणा पूर्ण परत मिळेलच असे नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंग सावकाश वाळतो आणि अर्धवट ओल्या थरावर पाणी पडले की फुलोऱ्यासारखे डाग उमटतात. तेव्हा दुरुस्तीपूर्वी थर पूर्ण वाळू द्यावा.