जुळ्यांचं डॉपलर: आधी विचारा, वार एक की दोन?

जुळ्यांची सोनोग्राफी झाली की घरच्यांचा पहिला प्रश्न वजनाचा. एक 1600 ग्रॅम, दुसरं 1200. मग सासूबाईंचं सुरू होतं: तूप खा, खारीक खा, आराम कर. सल्ला प्रेमाचा असतो, पण एकाच आईच्या पोटात एक बाळ वाढतं नि दुसरं मागे पडतं, तेव्हा दुखणं बहुधा आईच्या ताटात नसतं, बाळाला पोसणाऱ्या वारेत (प्लॅसेंटात) असतं. शिवाय ते वजन म्हणजे डोकं, पोट आणि मांडीच्या हाडाच्या मापांवरून काढलेला अंदाज. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतोच. म्हणून डॉक्टर लिहून देतात, ‘डॉपलर करून या.’

डॉपलर बाळाच्या रक्ताचा वेग बघतं. प्रोबमधून गेलेली ध्वनिलहर वाहत्या तांबड्या पेशींवर आपटून परत येते, तेव्हा तिची वारंवारिता किंचित बदललेली असते. मूळ लहर काही मेगाहर्ट्झची, आपल्या कानाच्या पार पलीकडची. पण गेलेल्या आणि आलेल्या लहरीतला फरक नेमका ऐकू येण्याच्या टप्प्यात पडतो. सोनोग्राफीच्या खोलीत सूं-सूं ऐकू येतं ते हेच. ख्रिश्चन डॉपलर यांनी 1842 मध्ये हा विचार मांडला तो जोडताऱ्यांच्या रंगांविषयी. नाळेतला प्रवाह यातून नोंदवल्याचं डब्लिनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं 1977 मध्ये.

नाळेत दोन रोहिण्या आणि एक नीला असते. रोहिण्या बाळाचं रक्त वारेकडे नेतात. वार निरोगी असली की अडथळा कमी, त्यामुळे हृदयाच्या ठोक्यासरशी रक्त पुढे जातंच, पण दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीतही वाहत राहतं. पडद्यावर शिखर दिसतं, मग उतार. उतार शून्याला टेकत नाही. वारेतल्या बारीक वाहिन्या बुजत चालल्या की उतार खाली येऊ लागतो. टेकला, तर रिपोर्टात ‘अ‍ॅबसेंट एंड डायस्टोलिक फ्लो’ लिहून येतं. रेषेच्या खाली गेला, तर विश्रांतीत रक्त उलटं फिरतंय. ही सर्वांत काळजीची पायरी.

यानंतर मेंदूतली रोहिणी बघतात. तुटवडा पडला की बाळ आहे ते रक्त मेंदूकडे वळवतं आणि कात्री लागते मूत्रपिंडांना नि आतड्यांना. मूत्रपिंडाला रक्त कमी म्हणून लघवी कमी, आणि लघवी कमी म्हणून गर्भजल कमी. ‘पाणी कमी झालंय’ यामागे कधी कधी एवढी साखळी असते. जन्मानंतर काय होईल याचा अंदाजही इथूनच निघतो: अशा बाळाच्या आतड्यांना गंभीर इजा होण्याचा धोका जास्त. म्हणून बालरोगतज्ज्ञ दूध जपून वाढवतात आणि पोट फुगतंय का यावर लक्ष ठेवतात.

जुळ्यांत मात्र हे आकडे वाचण्याआधी एक गोष्ट ठाऊक हवी: वार एक की दोन. दोन असल्या तर ज्याची त्याची विहीर. एक असली तर सामाईक, आणि तीही अशी की दोघांच्या रक्तवाहिन्या आतून जोडलेल्या. अशा 10 ते 15 टक्के गरोदरपणांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं. एकाभोवती पाणी फार, दुसऱ्याचं मूत्राशय रिकामं. कधी गळती इतकी मंद असते की पाणी दोघांचंही ठीक, पण एक बाळ पांढरंफटक आणि दुसऱ्याचं रक्त दाट. हे पकडायला मेंदूच्या रोहिणीतला वेगच कामाला येतो, कारण पातळ रक्त जोरात धावतं. सामाईक वारेत एक बाळ दगावलं तर दुसऱ्याच्या मेंदूलाही इजा होऊ शकते, त्यामुळे त्याच आकड्यावर डॉक्टरांचा निर्णय वेगळा असू शकतो.

वार एक की दोन, हे 11 ते 14 आठवड्यांत दोन बाळांमधल्या पातळ पडद्याच्या बुडाशी बघून छान कळतं. पुढे अवघड होत जातं. एक मुलगा, एक मुलगी असेल तर बहुतेक वेळा दोन वारा असतात, पण लिंग सांगायला आपल्याकडे 1994च्या कायद्याने बंदी आहे. बीडसारख्या जिल्ह्याचा स्त्रीभ्रूणहत्येचा इतिहास पाहता ती हवीच.

मोजणंही सोपं नाही. दोन नाळांचे वेढे शेजारी-शेजारी; मोकळ्या वेढ्यावर प्रोब ठेवला तर आकडा कुणाचा? चांगला सोनोलॉजिस्ट नाळ बाळाच्या पोटाला लागते तिथपर्यंत माग काढतो, बाळ हालत असेल तर थांबतो. घाईत उरकलेलं डॉपलर न केल्यापेक्षा वाईट, असं माझं मत.

जोखमीच्या गरोदरपणात नाळेचं डॉपलर वापरल्याने प्रसूतीच्या आगेमागचे बाळांचे मृत्यू सुमारे 29 टक्क्यांनी कमी झाल्याचं चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं. बिनजोखमीच्या बाईला सरसकट केल्याचा असा फायदा दिसला नाही. तिथे हट्ट नको.

वार एकच असेल तर 16व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी लागते. मराठवाड्यात अडतं ते इथे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा कोयता दिवाळीच्या आगेमागे निघतो, परततो मार्च-एप्रिलमध्ये. तपासण्यांचे हे महिने अनेकींचे उसाच्या फडात जातात. गाव सोडताना आशाताईंनी पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलमध्ये लावून दिला, तर कोल्हापूरकडच्या डॉक्टरला निदान वारेचं कोडं सोडवत बसावं लागणार नाही.

32 आठवड्यांच्या आसपास नाळेतला विश्रांतीतला प्रवाह थांबलेला दिसला, तर बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात आणि बाळंतपण नवजात अतिदक्षता असलेल्या ठिकाणी करतात: छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेड. जन्मल्यावर गाडीत घालून नेण्यापेक्षा पोटात असतानाच बाळं हलवलेली बरी. 1200 ग्रॅमचं बाळ रस्त्यात लवकर गार पडतं आणि त्याची साखर उतरते.