डास चावल्यानं एचआयव्ही होत नाही

विकसनशील देशांतल्या आरोग्य सर्वेक्षणांत बायकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: डास चावल्यानं एचआयव्ही होतो का? आजाराचं नाव ऐकलेल्या कितीतरी जणी ‘हो’ म्हणतात. समज चुकीचा आहे, पण वेडगळ नाही. मलेरिया डासांमुळेच होतो, मग रक्तातून पसरणारा हा आजार का नाही, असं वाटणारच.

मलेरियाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो आणि त्याच्या लाळेत उतरतो. चावताना डास आपल्या अंगात ही लाळच सोडतो, आधी चावलेल्या माणसाचं रक्त नाही. एचआयव्हीला वाढायला माणसाच्या ठरावीक पेशी लागतात. त्या डासात नसतात, त्यामुळे रक्ताबरोबर विषाणूही पचून जातो.

याच सर्वेक्षणांत आणखी एक प्रश्न असतो: दुकानदाराला एचआयव्ही आहे हे माहीत असताना त्याच्याकडून भाजी घ्याल का? डासानं होतो म्हटलं की एकत्र जेवण, स्पर्श, भाजी, सगळ्याचीच धास्ती बसते. शेजारीण वाळीत पडते ती अशी.

खऱ्या धोक्याकडे मात्र लक्षच जात नाही. धडधाकट दिसणाऱ्या नवऱ्यालाही लागण असू शकते, आणि एकनिष्ठ बायकोला ती त्याच्याकडूनच होऊ शकते. ‘आईला असला की बाळाला होणारच’ हेही खोटं. उपचारांशिवाय ही शक्यता १५ ते ४५ टक्के असते. गरोदरपणापासून स्तनपान संपेपर्यंत औषधं नीट चालू ठेवली तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते. त्यासाठी तपासणी मात्र वेळेत व्हायला हवी.