कुंतीची खरड छाटणी

कुंती किंवा कामिनी (शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा) हे लिंबू कुळातले सदाहरित झुडूप. विदर्भातल्या गावांत ते अंगणात, देवळापुढे आणि सांदवाडीच्या कडेने लावतात. वर्षानुवर्षे हात लागला नाही की ते १०-१२ फुटांवर जाते; पाने सगळी शेंड्याला आणि खाली नुसती उघडी खोडे. असे झुडूप जमिनीपासून दीड-दोन फुटांवर कापून नव्याने फुटायला लावणे म्हणजे खरड छाटणी.

आरी घेण्याआधी झुडूप ओळखलेच पाहिजे. कुंतीच्या एका देठावर आळीपाळीने ३ ते ९ चकचकीत पर्णिका असतात. एक पर्णिका उन्हासमोर धरली की सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके उजळतात; त्या तेलग्रंथी. फांदीला काटा नसतो. पावसाळ्यात पांढऱ्या, सुवासिक फुलांचे घोस येतात, मागाहून लालसर फळे. कढीपत्ता हिचा जवळचा आप्त, पण त्याच्या देठावर पर्णिका बऱ्याच जास्त असतात आणि वास तर घरोघरी ओळखीचा. कण्हेरीची पाने लांबट, बहुधा तिना-तिनाने. तीही खरड छाटणी सोसते, मात्र सारे झाड विषारी असल्याने तिच्या काड्या चुलीत घालू नयेत, शेळीपुढेही टाकू नयेत. मोरपंखीला ही छाटणी कधीच करू नये. पाने नसलेल्या जुन्या लाकडातून ती सहसा फुटत नाही, आणि एका सकाळच्या घाईत कित्येक वर्षांचे झाड जाते.

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा छाटले तर आजवर सावलीत राहिलेली साल भाजून तडकते. म्हणून चांगला पाऊस होऊन जमीन ओलावली की, मृग-आर्द्रात, हे काम करावे. आधी आत वाकून पाहावे: बुलबुलाच्या घरट्यात अंडी वा पिल्ले असली तर महिनाभर थांबावे. मग सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढाव्यात. शंका आली तर नखाने साल खरडावी. खाली हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे. जाड खोडाला आरीच लावावी, कोयत्याने लाकूड चिरते. काप तिरपा ठेवून त्यावर बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) लावावे. झुडूप अशक्त असेल तर दरवर्षी एक तृतीयांश जुनी खोडे कापून तीन वर्षांत काम पुरे करणे बरे.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्रापट्ट्यात एवढ्यावर भागत नाही. संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड कुंतीवरही पोसते आणि अंडी घालते ती कोवळ्या नवतीवरच. खरड छाटणीनंतर तर सारे झुडूपच नवतीने भरते. वावर जवळ असेल तर दर आठवड्याला कोवळे शेंडे उलटून पाहावेत. डोके खाली, शेपूट वर करून बसलेले तपकिरी किडे किंवा पिल्लांचे पांढरे मेणचट धागे दिसले तर ते शेंडे खुडून नष्ट करावेत आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. हा त्रास वाटतो, पण शेजाऱ्याच्या बागेसाठी तो घेतलाच पाहिजे, कारण ग्रीनिंग लागलेले झाड बरे करणारे औषध नाही.

फुटवे वीतभर झाले की प्रत्येक खोडावर बाहेरच्या बाजूचे तीन-चार ठेवून बाकीचे काढावेत. त्या वर्षी फुले थोडीच येतात.